एका नावाचे दोघे

१

मन्मथ नांदेडहून आला तेव्हा त्याच्या हातात एकच बॅग होती आणि चेहऱ्यावर नको तितका आनंद होता. "ताई, सुट्टीवर आलोय असंच समज," तो म्हणाला. मी म्हटलं, "समजते. आधी गोळ्या काढ."

त्याने खिशातून काढल्या, बॅगेच्या कप्प्यातून काढल्या, आणि मग खाली वाकून बुटातल्या मोज्यातूनही एक पाकीट काढलं. मी लातुरात एका मोठ्या क्लासमध्ये प्राणिशास्त्र शिकवते. पोरांनी कुठं काय लपवलं असेल हे मला त्यांच्या बसण्यावरून कळतं. मोजा मी तपासलाच असता. पण त्याने तो आपणहून दाखवला, म्हणून मला बरं वाटलं. हा खरंच सुटायचं ठरवून आला होता.

कंधारच्या रस्त्यावर त्याची मोटरसायकल घसरली होती, खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, दुखण्यावरची गोळी मात्र मागे लागली ती लागलीच. नांदेडच्या क्लासमध्ये गणित शिकवायचं म्हणजे दिवसभर उभं राहायचं. आधी दुखतंय म्हणून घ्यायचा. मग दुखेल म्हणून. शेवटी शेवटी, घेतली नाही तर फळ्यावर सरळ रेघ येत नाही म्हणून. क्लासच्या मालकांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "सर, जूनच्या बॅचला नीट उभं राहता येत असेल तर या. जागा ठेवतो." त्या जागेपलीकडे त्याच्याजवळ काही नव्हतं.

राघवेंद्र डॉक्टर आमच्या घरचे जुने. त्यांनी सगळं समजावून दिलं. "एकदम तोडायची नाही. हळूहळू कमी करायची. घाम येईल, जांभया येतील, नाक गळेल, पोट बिघडेल, पायांत वळवळ होईल. ही गोळी सोडताना काहींना भासही होतात. घाबरायचं नाही. उतरत जातं ते. वेगळं काही वाटलं तर लगेच फोन करायचा." गोळ्या माझ्या कपाटात गेल्या आणि किल्ली माझ्या गळ्यात आली. मन्मथ म्हणाला, "तू जेलर शोभतेस." मी म्हटलं, "चौदा वर्षं क्लासमध्ये तेच करून राहिले."

वरच्या मजल्यावर नीटची तयारी करणाऱ्या मुली भाड्यानं राहतात, खाली मी आणि आई. मन्मथला मागची खोली दिली, पाण्याच्या टाकीला लागून असलेली. दुपारी मुली क्लासला गेल्या की आमचं घर फार गप्प होतं. टाकीत पाणी असलंच तर ठिबकताना ऐकू येतं.

२

गोळी अर्ध्यावर आली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं ओळीनं हजर झालं. पोरगा जांभया देऊन देऊन रडकुंडीला आला. भर मे महिन्यात त्याच्या दंडावर काटा उभा राहायचा. पाय एका जागी राहत नव्हते. चादर टाचांनी ढकलून ढकलून पायथ्याशी तिचा बोळा व्हायचा, मी ती पुन्हा पसरायची.

एका दुपारी मी त्याच्यासाठी लिंबू-साखर-मिठाचं पाणी घेऊन गेले. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"अक्का, पाणी."

मी पेला स्टुलावर ठेवला आणि परत निघाले. दारापर्यंत गेले आणि माझे पाय थांबले. मन्मथ मला ताई म्हणतो. बोलायला लागला तेव्हापासून ताई. मला अक्का म्हणणारा एकच होता.

मला दोन भाऊ. दोघांचंही नाव मन्मथ.

पहिला किल्लारीच्या भूकंपात गेला. सहा वर्षांचा होता. आईचं मुलं बंद करायचं ऑपरेशन झालेलं होतं. आमच्या भागात अशा कितीतरी आया होत्या, ज्यांची लेकरंही गेली होती आणि पुढची वाटही बंद होती. मग सरकारी डॉक्टरांनी बायकांच्या बांधलेल्या नळ्या पुन्हा जोडून दिल्या. पत्र्याच्या शेडांमधून पुन्हा पाळणे हलले. पाळण्यात ठेवायची नावं आधीच ठरलेली होती. गेलेल्याचं नाव आलेल्याला द्यायचं, ही गावाची रीतच होऊन गेली. बायका यायच्या, बाळाचं तोंड निरखायच्या आणि म्हणायच्या, "माघारी आलं गं पंचफुले तुझं लेकरू." यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही. मलाही नाही. मला माझा भाऊ हवा होता.

दुसऱ्या मन्मथला गोड आवडत नव्हतं. पहिल्याला गुळाची पोळी आवडायची म्हणून याच्याही ताटात गुळाची पोळी पडायची, आणि हा निमूट खायचा. आई त्याच्याकडे बघायची तेव्हा नजर त्याच्यावर न थांबता जरा त्याच्या मागं जायची. तिचं प्रेम नव्हतं असं नाही. पण ते याला द्यायचं की त्याला, हे तिचं कधी ठरलं नाही.

दारात उभी राहून मी स्वतःला शिकवलं. आई अजून जुन्या सवयीनं दिवसभर बडबडते, 'अक्काला विचार, अक्काला सांग.' तापल्या डोक्यात दुसऱ्याचे शब्द शिरतात. मुलं परीक्षेत शेजारच्याचं उत्तर लिहून येतात आणि त्यांना खरंच वाटतं की ते आपल्याला येत होतं. तसंच हे.

मी पाणी त्याच्या हातात दिलं. "थँक्यू ताई," तो म्हणाला.

३

त्या पहाटेबद्दल मी कुणाशी बोलत नाही. आई आणि दादा, म्हणजे आमचे वडील, उकडतं म्हणून अंगणात निजले होते, ते वाचले. मी आणि मन्मथ आत होतो. दगडामातीचं घर आमच्यावर बसलं. तो मला दिसत नव्हता. आवाज यायचा, माझ्या डोक्यामागून कुठूनतरी. त्याला झोप यायला लागली होती आणि झोपू द्यायचं नाही एवढंच मला कळत होतं. मी खेळ काढला. मारुतीच्या देवळापासून आडापर्यंत गल्लीतली घरं ओळीनं सांगायची. एक मी, एक तू. पाटलांचं, स्वाम्यांचं, कुलकर्ण्यांचं. आडापाशी पोचलो की उलटं यायचं. मी 'सोनाराचं' म्हटलं. पुढं तेलंगांचं घर होतं आणि पाळी त्याची होती. मी वाट बघत राहिले.

हा खेळ मी आईला सांगितला नाही. दादांनाही नाही, आणि ते आता राहिलेही नाहीत. विचारायला येणाऱ्या पेपरवाल्यांना तर नाहीच. ज्याच्याशी खेळले तोच गेला, मग सांगायचा कुणाला?

गोळी पूर्ण बंद झाली त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी लाइट गेली होती. पंखा थांबल्यामुळे खोलीत घामाचा आणि लिंबाचा वास कोंदला होता. मन्मथ डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता. मी ओल्या फडक्यानं त्याची मान पुसत होते.

"तेलंगांचं," तो म्हणाला.

आवाज लहान मुलाचा नव्हता. त्याचाच होता, चोवीस वर्षांच्या बाप्याचा, कोरडा पडलेला. लहान मुलाचा असता तर मी त्याला भास म्हणून मोकळी झाले असते.

"तेलंगांचं. आता तू."

पुढचं घर मला माहीत होतं. ते माझ्या जिभेपर्यंत आलं होतं. मी फडकं बादलीत पिळलं, पुन्हा भिजवलं, पुन्हा पिळलं, आणि बोलले नाही.

"बोल की," मागून आवाज आला. आई दारात उभी होती, हातात दुधाची वाटी. "वाट बगून राहिलंय लेकरू."

त्या संध्याकाळी मी पुष्कळ विचार केला. उठलेल्या गावाची माणसं जुनी गल्ली घोकत असतात, आईनं त्याला ती शंभरदा ऐकवली असेल. सोनारानंतर तेलंग येतात, त्यात नवल काही नाही. सगळं जुळत होतं. फक्त 'आता तू' कुठं बसत नव्हतं. मी ते तसंच सोडून दिलं आणि कपाट उघडून गोळ्या मोजल्या. बरोबर होत्या.

४

मग तो सुधारला. जांभया थांबल्या, पाय शांत झाले. अंघोळ करून बाहेर आला आणि मला म्हणाला, "ताई, जरा तिखट कर की काहीतरी, तोंड मेलंय." मी ठेचा केला. आई गप्प बसून त्याचं जेवण बघत होती.

तीन-चार दिवसांत पुन्हा सगळं सुरू झालं. एक दिवस तो चमत्कारिक खुशीत, डोळ्यांच्या बाहुल्या गोळी घेतल्यासारख्या बारीक. दुसऱ्या दिवशी नाक, घाम, काटा. पुन्हा तो मागच्या खोलीत, पुन्हा चादरीचा बोळा. असं एकदा झालं, दोनदा झालं. डॉक्टर म्हणत होते उतरत जातं. इथं उतरायचं आणि पुन्हा चढायचं.

मी त्याच्यावर संशय घेतला. बॅग उलटी केली, बूट झटकले, उशीचा अभ्रा काढला. तो कॉटवर बसून मला बघत होता.

"सापडलं काही?"

"कुठं ठेवल्यास?"

"माझ्याकडे न्हाईत ताई," तो म्हणाला. एवढंच. मी ओरडले, जून तोंडावर आला म्हणाले, तुला काही वाटतं का म्हणाले. तो भिंतीकडे वळला.

मला माझी लाज वाटत होती आणि रागही येत होता. त्या दिवसांत माझं लक्ष एकाच माणसावर होतं. आई भिंतीला धरून चालायला लागली होती, पायरी चढताना थांबून दम घ्यायची, रात्री गुडघे दाबत बसायची. वय झालं, असं म्हणून मी पुढं गेले. उलट मला नवल वाटायचं ते तिच्या तोंडावरच्या तेजाचं. एवढी दुखणाईत बाई, पण दुपार झाली की केस विंचरून, कुंकू नीट करून मागच्या खोलीत जाऊन बसायची. दार लोटून घ्यायची. आतून तिचा हळू आवाज यायचा. मध्येच थांबायचा, कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखा. मग ती हसायची. माझ्या आईला हसताना मी फार वर्षांत ऐकलं नव्हतं. मला त्या हसण्याची भीती वाटायची, आणि का वाटते ते मी स्वतःला विचारत नव्हते.

५

"हा बाहेरून घेतोय," राघवेंद्र डॉक्टर म्हणाले. "दुसरं काही असूच शकत नाही."

"घराबाहेर पाऊल टाकलं नाही त्यानं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "घरात आणखी कुणी ही गोळी घेतं?"

"आई. गुडघ्यांसाठी. तुम्हीच देता की," मी म्हटलं आणि तिथंच खुर्चीत बसून राहिले. डॉक्टरांनी आईचं कार्ड काढून बघितलं. मग म्हणाले, "माझ्या लक्षात यायला हवं होतं."

घरी आले तेव्हा आई स्वयंपाकघरात पाठमोरी बसली होती. वाटीत भाकरी कुस्करून वर दूध घातलं होतं. पाट्यावर वरवंट्याच्या टोकानं ती काहीतरी बारीक करत होती. मला बघून तिचा हात थांबला नाही.

"तुझ्या गोळ्या आहेत त्या," मी म्हटलं.

"मला कशाला पायजेत? सोसतंय मला."

"आई, तो बरा होऊन राहिला होता."

"हाव. बरा झाला की जातो त्यो." तिनं भुकटी बोटानं वाटीत लोटली. "गोळी घेतली की दोगंबी गप. उतराय लागली की थोरला येतो. चांगला बरा झाला की न्हाई येत. म्या बगितलंय सगळं."

इतकं नीट निरीक्षण माझ्या वर्गातली हुशार पोरं करत नाहीत. 

"काय बोलतो तो?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"अंधार हाय म्हनतो. माय, दगड काढ म्हनतो. म्या म्हनते, काढून राहिले बाळा, काढून राहिले." तिनं आपल्या हातांकडे बघितलं. त्या सकाळी तिनं याच हातांनी ढिगारा उपसला होता. दोन बोटांना अजून नीट नखं नाहीत. "तू त्याच्यासंगं बोललीस, वर्षा. दगडाखाली लई येळ बोलत होता तुमी दोगं, म्या वरून ऐकून राहिले होते. शबुद कळत नव्हते. मला एक शबुद न्हाई मिळाला त्याचा. तुला तवा भेटला त्यो. मला आता भेटू दे."

मी वाटी उचलली आणि मोरीत ओतली.  आई पाट्यावर हात ठेवून बसून राहिली. मला तिच्या गळ्यात पडून रडायचं होतं, पण मी तिच्या लुगड्याच्या गाठीतून गोळ्यांचं पाकीट सोडवून घेतलं आणि बाहेर आले.

६

मन्मथला सांगायला गेले तेव्हा तो उठून बसला होता. मी बोलायला सुरुवात केली, त्याने मान हलवली.

"माहीत हाय."

"काय माहीत आहे?"

"गोळी कडू असते ताई. दुधात घातली तरी कळते."

"मग प्यालास कशाला?"

तो पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिला. वर्गात उत्तर येत असून न सांगणारी पोरं अशी बसतात.

"तो आला की मला कळत न्हाई काय चाललंय. काय बोलतो, कधी जातो, काही न्हाई. खूप खाली असतो मी. पण आईचा हात कळतो. डोक्यावरून फिरवत असती. तास तास." त्याचा अंगठा थांबला. "माझ्या डोक्यावरून कधी फिरवला का गं तिनं असा? मी बुटात लपवलेल्या गोळ्या तुला काढून दिल्या. ही आईच्या हातची मला न्हाई सोडवली."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. माझा हात तो हात नव्हता, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. तरी त्याने तो काढला नाही.

"मला जायचंय ताई नांदेडला," तो म्हणाला. "मला माझं माझं काहीतरी पायजे. या टायमाला दार लाव. मी कितीबी म्हटलं तरी उघडू नको. आई म्हटली तरी."

७

डॉक्टरांनी सोसण्यापुरती दुसरी औषधं दिली आणि संध्याकाळी येऊन जातो म्हणाले. आईला शेजारी पाठवायचं मी ठरवलं होतं. ती मागच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी बसली ती उठलीच नाही. मी आतून कडी लावली.

सगळ्यात वाईट दुपार होती ती. तो घामानं भिजायचा आणि थंडीनं कुडकुडायचा. पाय कॉटच्या लोखंडावर आपटायचा. मी त्याला घोट घोट पाणी पाजत होते. मुली क्लासला गेल्या होत्या. दाराबाहेर फरशीवर आईच्या बांगड्या अधूनमधून वाजायच्या, त्यावरून ती अजून आहे हे कळायचं.

"मन्मथा," आईनं हाक मारली. खेळायला गेलेल्या लेकराला दिवेलागणीला बोलवावं तशी, हळू.

त्याने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. ओ द्यायला त्याचा गळा हलला होता, मी बघितलं ते. जन्मभर तो या हाकेला ओ देत आला होता, कुणासाठी का असेना. त्याने मान नाही अशी हलवली, चादरीचं टोक तोंडात घातलं आणि दात आवळले.

"मन्मथा."

"ओ, माय."

चादर त्याच्या दातांत होती. मी त्याच्या तोंडाकडेच बघत होते. आवाज बाहेरून आला, दाराच्या पलीकडून, फरशीच्या अगदी जवळून. त्याने तो ऐकला, कारण त्याचे डोळे दाराकडे गेले.

गल्लीतलं एखादं पोर आत आलं असेल, मी स्वतःला म्हटलं. फाटकाचा आवाज मात्र झाला नव्हता. बाहेर बांगड्या वाजल्या. आईनं काहीतरी जड ओढून जवळ घेतल्यासारखा श्वास सोडला. मग थोपटल्याचा आवाज सुरू झाला, एकसारखा, हळू. मला कडी काढायची होती, पण मी उठले नाही.

मन्मथच्या दातांतून चादर सुटली. दंडावरचा काटा बसला. पाय थांबले. तो झोपला, कितीतरी दिवसांनी खरा झोपला, आणि मी ते थोपटणं ऐकत त्याच्याजवळ बसून राहिले.

ऊन कलल्यावर तो जागा झाला. चेहरा उतरलेला होता, पण त्याचा होता. "ताई, भूक लागली," तो म्हणाला. भिंतीला न धरता उठला, दारापर्यंत चालत गेला आणि कडी त्यानेच काढली.

आई भिंतीला टेकून मांडी घालून बसली होती. त्या गुडघ्यांनी तिला कित्येक वर्षांत मांडी घालता आली नव्हती. पदर तिनं मांडीवर पसरला होता आणि त्यावरून तिचा हात फिरत होता, वरून खाली, पुन्हा वरून खाली. पदर मांडीवर सपाट नव्हता. मी त्याहून जास्त बघितलं नाही.

मन्मथ तिच्यासमोर वाकला. "आई," तो म्हणाला, "सुटलं बघ. मी बरा झालो."

तिनं वर बघितलं नाही. दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

"हळू बोल," ती म्हणाली. "आत्ताच निजलंय."

तो जरा वेळ तसाच वाकून राहिला. मग सरळ झाला, पाय न वाजवता तिच्या बाजूनं गेला, आणि स्वयंपाकघरात त्याने आपलं आपण ताट काढून घेतलं, आवाज होऊ न देता.